ट्रफलची राखण

आग पदार्थ शिजवते, हे तिचं दुय्यम काम. मुख्य काम राखणीचं. बेसनाचे लाडू करायला घ्या. कच्चं बेसन चमच्याने खाणारा माणूस अजून जन्माला यायचाय, त्यामुळे पहिला अर्धा तास निर्धास्त. मग ते तुपात खमंग व्हायला लागतं, वास जिन्यापर्यंत जातो, घरातली माणसं एकेक करून स्वयंपाकघरात डोकावून जातात; पण धगधगत्या कढईत बोट घालायची कुणाची छाती होत नाही. चकलीला उकळतं तेल राखतं, पाकाला त्याचा चटका राखतो, आणि पुरण होईपर्यंत हरभऱ्याची डाळ कुणालाही प्रिय नसते. म्हणजे आपला कुठलाही गोड-तिखट पदार्थ आधी कच्चा असतो, मग पोळणारा असतो. खाण्याजोगा होतो तो अगदी शेवटी, आणि तोवर करणारीने डबा पुसून तयार ठेवलेला असतो.

हा बंदोबस्त पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला होता. मग ‘नो बेक’ आलं.

हल्ली दिवाळीच्या आधी महिनाभर मोबाइल उघडावा तर खोबऱ्याचे आणि सुक्यामेव्याचे ट्रफल. ओव्हन नको, गॅस नको, साखर नको, दहा मिनिटांत तयार! व्हिडिओतली बाई खजूर, बदाम, खोबरं मिक्सरमध्ये टाकते, बटण दाबते आणि पुढच्या क्षणी तिच्यासमोर पांढऱ्याशुभ्र बशीत एका मापाच्या गोळ्या ओळीने बसलेल्या असतात. त्या बाईच्या घरात दुसरं कुणीही राहत नाही, एवढी एक गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत.

कृती खरोखरच सोपी आहे. २५० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर, १५० ग्रॅम बदाम-काजू-अक्रोड, १०० ग्रॅम बारीक सुकं खोबरं, दोन चमचे कोको, चिमूटभर वेलची. सुकामेवा भरड करायचा, खजूर घालून पुन्हा फिरवायचं, खोबरं मिसळायचं, गोळ्या वळायच्या. बांधायला पाक लागत नाही, कारण खजुरात वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त साखरच असते, आणि तीही चिकट. तूप लागत नाही, कारण बदामात जवळपास निम्मं तेल, अक्रोडात आणि सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. पातं फिरलं की ते आपोआप बाहेर येतं. तेव्हा ‘साखर नाही, तूप नाही’ ही जाहिरात अक्षरशः खरी आहे. त्या दोघांनी फक्त वेषांतर केलेलं असतं.

कोको आणि वेलची सोडली तरी सगळं मिळून ५०० ग्रॅम भरतं. २० ग्रॅमची एक गोळी धरली तर २५ ट्रफल. कागदावर.

कागदाने एक गोष्ट धरलेली नसते. हा पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठल्याही अवस्थेत, खाता येतो. खजूर खाता येतो, बदाम खाता येतो, खजुरात बदाम घालून खाता येतो, दोन्ही दळून खाता येतं, वळून खाता येतं, आणि वळायचा कंटाळा आला तर चमच्याने खाता येतं. पालिकेच्या पाण्यासारखा प्रकार आहे: धरणातून निघतं तेवढं नळाला येत नाही, कारण मधल्या प्रत्येक सांध्यावर कुणीतरी तहानलेला उभा असतो.

आमच्याकडे गळती दुकानातच सुरू होते. सुकामेवा घ्यायला मशीद बंदरला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जायचं आणि चव न बघता परत यायचं, हे नवऱ्याच्या तत्त्वात बसत नाही. शेठ मूठ पुढे करतो, हा ती विनम्रपणे स्वीकारतो. काजूत डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० असे प्रकार असतात, म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे काजू बसतात. आकडा लहान तितका काजू मोठा आणि खिसा हलका. ट्रफलला यांतलं काहीच लागत नाही. तुकडा चालतो. मिक्सरच्या भांड्यात जातपात उरत नाही, सगळ्यांचं एकच पीठ होतं. पण नवरा दोन्ही प्रकार आळीपाळीने चावून फरक समजावून घेतो, पुन्हा एकदा खात्री करतो आणि शेवटी शेठला म्हणतो, “तुकडाच द्या.” शेठच्या चेहऱ्यावरून ओळखू येतं, की असं गिऱ्हाईक त्याला रोज भेटतं.

घरी आल्यावर शास्त्रीय तपासणी. “अक्रोड खवट नाही ना, बघतो.” आता अक्रोडातलं तेल लवकर खवट होतं हे खरंच, त्यामुळे शंकेला मला विरोध करता येत नाही. पण एका अक्रोडाने शंका फिटायला हवी की नाही? “एक चांगला निघाला म्हणून सगळे चांगले, असं कसं म्हणणार?” विजेचं बिल न वाचता भरणारा हा माणूस अक्रोडाच्या बाबतीत एवढा काटेकोर होतो, की याला एखाद्या प्रयोगशाळेने ठेवून घ्यावं. काजूही तपासले जातात. मनुका या पदार्थात नाहीतच, पण डबा शेजारी होता म्हणून त्याही तपासल्या जातात.

खोबऱ्यावर स्वतंत्र बैठक बसते. आमच्याकडे नारळ विकत आणावा लागत नाही, तो येतो. ओटीत येतो, सत्यनारायणाहून येतो, गणपतीत तर रांग लागते. कधीकधी आपणच कुणाच्या तरी ओटीत घातलेला नारळ चार घरं हिंडून, शेंडी झडलेल्या अवस्थेत परत येतो आणि आपण त्याला ओळखतो. अशा घरात मी डेसिकेटेड कोकोनटचं पाकीट आणलं, तेव्हा सासूबाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळलं.

“घरात एवढे नारळ पडलेत आणि तू भुसा विकत आणलास?”

“आजी, ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं,” लेकीने बाजू घेतली. “या पाकिटातल्यात तीन-चार टक्केसुद्धा नसतं. ओलं घातलं तर दोन दिवसांत आंबेल.”

“आंबायला दोन दिवस उरलं तर पाहिजे!” आई म्हणाल्या.

या घराचा इतका अचूक अंदाज दुसऱ्या कुणाला नाही.

शेवटी तडजोड झाली: आत सुक्या खोबऱ्याचा कीस, वरून घोळवायला भुसा. वाट्या किसायला लेक बसली. खोबरं किसण्याचा एक जुना कायदा आहे. वाटी किसता किसता लहान होत जाते, पाठीचा तपकिरी तुकडा तेवढा चिमटीत उरतो आणि पुढच्या फेरीला किसणीचे दात बोटाला लागणार हे दिसू लागतं. तिथे थांबायचं आणि तो तुकडा किसणाऱ्याने तोंडात टाकायचा. ती बोटं वाचवल्याची मजुरी. या कायद्याला कुणाचीच हरकत नाही. फक्त आमची लेक बोटांना फार जपते. तिला धोका अर्ध्या वाटीवरच दिसायला लागतो.

खरी जोखीम मिक्सरची. बदाम-अक्रोड सलग फिरवले तर भरड होता होता त्यांचं तेल सुटतं आणि हाती लोणी येतं. म्हणून एक झटका द्यायचा, थांबायचं, झाकण उघडायचं, बघायचं, पुन्हा झटका. आता गंमत अशी, की जेवायला चला म्हणून तीन हाका मारल्या तरी ज्यांना ऐकू जात नाही, त्यांना मिक्सर थांबल्याची शांतता बरोबर ऐकू जाते. पहिल्या थांब्याला नवरा पाणी प्यायला येतो. दुसऱ्याला लेक कात्री शोधायला येते. तिसऱ्याला आई “काय घरघर लावलीये” म्हणत येतात आणि येताना चमचा घेऊन येतात.

आणि आलेला प्रत्येक माणूस सल्ला देतो. मी भाकरी थापत असताना या घरातल्या कुणीही “कडेला जरा पातळ कर” म्हटल्याचं मला आठवत नाही. तवा तापलेला असतो, माझा चेहराही. पण जिथे गॅस पेटलेला नाही, तिथे स्वयंपाक चाललाय असं कुणाला वाटतच नाही. ती सार्वजनिक जागा होते. वेलची कमी आहे. मीठ हवं होतं, कणभर. कोको कडू लागतोय. सूचना अमलात आणली की ती अमलात आली का, हे बघायला सूचना करणाऱ्याने पुन्हा चव घ्यायची, हे ओघाने आलंच. मिठाच्या एका कणासाठी तीन माणसांनी तीन-तीन चमचे मिश्रण तपासलं आणि “आता बरोबर” असा निर्वाळा दिला. मीठ मी घातलंच नव्हतं.

पात्याखाली अडकलेल्या मिश्रणाची तर वाटणीच करावी लागते. तिथे लहान चमच्याची दांडी तेवढी जाते, आणि निघतं ते नेमकं सगळ्यांत मऊ, तेल सुटलेलं, चवदार. पूर्वी घरांत खरवडीवरून भांडणं व्हायची. खरवडीला निदान दूध आटावं लागायचं.

मग वळायची वेळ येते. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली मराठी घरांना वाट्या-चमच्यांच्या मापाची सवय लावली, पण गोळीचा आकार आपण आजही फळांवर बेततो: सुपारीएवढी, आवळ्याएवढी, लिंबाएवढी. आता आईंचं लिंबू आणि माझं लिंबू एका झाडाचं नाही. त्यांच्या हाताला लाडवाची सवय. त्यांनी वळलेला ट्रफल दोन माणसांत वाटून खावा लागेल. नवऱ्याच्या गोळ्या चपट्या होतात. लेकीने ऑनलाइन मागवलेला वजनकाटा आणला आणि “प्रत्येक गोळी २० ग्रॅमचीच पाहिजे” असं जाहीर केलं. मला क्षणभर शिस्त आल्यासारखं वाटलं. पण मी शेजारी उभी राहून पाहिलं. गोळी २३ ग्रॅम भरली की ती वरचे ३ ग्रॅम चिमटीने काढायची आणि ते तोंडात जायचे. परत ताटात टाकायचे नाहीत का? “मिश्रण सारखं हाताळायचं नसतं.” आणि तिची प्रत्येक गोळी २३च भरत होती.

त्यात नवऱ्याने शोध लावला, की तडा गेलेली गोळी ताटात ठेवू नये. खंडित मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, मग खंडित ट्रफल पाहुण्यांपुढे कसा ठेवायचा? तर्क बिनतोड होता. त्यानंतर गोळ्यांना तडे जाण्याचं प्रमाण एकदम वाढलं. अंगठ्याने तडा कसा पाडतात हे मला दिसत होतं, पण पुरावा ताबडतोब नष्ट होत होता. मीही चार-दोन खाल्ल्या. करणाऱ्या बाईने खाल्लेल्याला मात्र चाचणी म्हणतात.

इथे थांबलं तर पदार्थ झालेला असतो. पण निम्म्या गोळ्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या, हे व्हिडिओत होतं. आणि चॉकलेट वितळवायला गॅस लागतो. भांड्यात पाणी ठेवून मी शेगडी पेटवली, तेव्हा आईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “लागला ना शेवटी?” खऱ्या चॉकलेटचे नखरे पुष्कळ. त्यातलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तळहातावर धरलं तरी पाघळायला लागतं. आणि वितळताना पाण्याचा एक थेंब उडाला तर सगळ्याचा खरबरीत गोळा. म्हणून घरोघरी मोर्डेचा डार्क कंपाउंडचा स्लॅब आणतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, फार मनधरणी करावी लागत नाही. त्याला चकाकी यावी म्हणून चमचाभर खोबरेल घालावं, असं लेकीने सांगितलं.

“डोक्याचं तेल?” आईंनी विचारलं.

कोकणात, गोव्यात खोबरेल तेलात स्वयंपाक होतो. घाटावर ते वेणीच्या वर चढत नाही. हा वाद खरं तर आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल कर लावताना केसांचं तेल धरायचं की खायचं, यावर अनेक वर्षं खटला चालला आणि डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने ते खाद्यतेल धरता येईल असा निकाल दिला. लेकीने तो फोनवर काढून दाखवला. आईंनी चष्मा लावून वाचला आणि निकाल अमान्य केला. तेल घातलं गेलं नाही. तसंही खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीमुळे बाटलीत त्याचा दगड झाला होता आणि तो वितळवायला बाटली उन्हात ठेवावी लागली असती.

“एवढा खटाटोप करण्यापेक्षा ते सोनेरी कागदातले आणले असते,” नवरा म्हणाला.

“ते परदेशी असतात,” आई.

“कंपनी इटलीची. पण त्यांचा कारखाना बारामतीला आहे.”

“बारामतीला काय नाही!” असं म्हणून आईंनी विषय संपवला.

ट्रफल फ्रीजमध्ये गेले. दोन तास घट्ट व्हायला ठेवायचे. त्या दोन तासांत घरातल्या सगळ्यांना गार पाण्याची तहान लागली. एरवी गार पाण्याने घसा धरतो म्हणणाऱ्या आईंनासुद्धा. मी हॉलमध्ये बसून फ्रीजच्या दाराचा आवाज मोजत होते. पण ताट बघायला गेले, तर ते भरलेलं! चोरांनी एक कला साधली होती. एक ट्रफल उचलला की राहिलेले जरा ऐसपैस मांडायचे. ताटात रिकामी जागा कुठेही दिसत नव्हती. ट्रफलच एकमेकांशी फटकून राहायला लागले होते. सुरुवातीला खांद्याला खांदा लावून बसलेली मंडळी शेवटी एकेका कोपऱ्यात, बोलणं बंद झाल्यागत बसली होती.

“हे आपलं पंचखाद्यच की गं,” आई ताटाकडे बघत म्हणाल्या. “गोळी वळली एवढंच.”

नव्या पदार्थाला जुनं नाव देण्याची सवय आपल्या सगळ्याच वडीलधाऱ्यांना असते, म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं. मग विचार करायला लागले. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. खोबरं आणि खसखस थोडी भाजून घेतात, बाकी आगीचा संबंध नाही. पाक नाही, चटका नाही, प्रत्येक जिन्नस सुटा सुटाही खाता येतो. म्हणजे राखणीच्या दृष्टीने खिरापत ट्रफलइतकीच उघडी. तरीही गणपतीत खिरापतीचा डबा आरतीपर्यंत काठोकाठ भरलेला असायचा. आमच्या लहानपणी घरात दहा पोरं, डबा हाताच्या उंचीवर, झाकण सैल, आणि एक खारीक हलायची नाही. का? तर ‘अजून नैवेद्य झाला नाही’ एवढ्या एका वाक्यावर.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपल्या स्वयंपाकघराला दोनच राखणदार ठाऊक आहेत: आग आणि देव. जिथे आग नसेल तिथे देव बसवलेला असतो. पंचामृत, खिरापत, सुंठवडा: यांतलं काहीही येता-जाता तोंडात टाकता आलं असतं, म्हणूनच त्यांच्या प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक देव नेमलेला आहे. बिचाऱ्या ट्रफलला कुणी वालीच नाही. तो कुठल्या व्रतात नाही, कुठल्या कहाणीत नाही, त्याचा नैवेद्य कुठलाच देव मागत नाही. ना चुलीचा धाक, ना देवाचा. मग त्याचं जे व्हायचं तेच होतं.

हे मी आईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, फ्रीजमधून ताट काढलं, कुंडीतलं तुळशीचं पान आणून मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “उद्या एकादशी. सकाळी विठोबाला दाखवायचेत.”

परिणाम तत्काळ. घरातली तहान एका क्षणात भागली. कोको उपवासाला चालतो का, यावर थोडी कुजबुज झाली. नवऱ्याचं म्हणणं, ते झाडाचं बी आहे, म्हणजे फराळातच मोडतं. आईंनी यावर निकाल राखून ठेवला. पण ताटाला हात लागला नाही. रात्रभर फ्रीजचं दार वाजलं नाही. पंढरपूरच्या देवाने इतक्या लांबून, एका पानावर, आमचं फ्रीज सांभाळलं.

सकाळी मी उठले, तेव्हा लेक अंघोळ करून तयार होती. दिवा लावायला चार वेळा सांगावं लागणाऱ्या मुलीने देवघर पुसलं होतं, पाण्याने चौकोन काढला होता, त्यावर ताट मांडलं होतं. डोळे मिटले, पाणी फिरवलं, डोळे उघडले. “झाला नैवेद्य!” सगळा विधी अर्ध्या मिनिटात.

“अगं, देवाला जरा जेवू तरी दे,” आई म्हणाल्या.

“आजी, उपवास आहे त्याचा.”

आई निरुत्तर झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. नाश्त्याच्या आत ताट रिकामं. वाटायला म्हणून आणलेली कागदी खोकी अजून सपाटच आहेत, आणि शेजारच्या काकूंनी तीनदा विचारलंय, की तुमच्याकडे काय चाललं होतं एवढा वेळ मिक्सरवर.

त्यामुळे पुढचे ट्रफल संकष्टीला करायचे, असं आईंनी आणि मी ठरवलंय. तुळशीऐवजी दुर्वा. संकष्टीचा नैवेद्य चंद्रोदयानंतर, आणि चंद्रोदय काही कुणाला पहाटे उठून उरकता येत नाही. त्याची वेळ कालनिर्णयमध्ये मिनिटासकट छापलेली असते. देव आणि चंद्र असा दुहेरी पहारा. रात्री नऊ वाजेपर्यंत माल सुरक्षित, तोवर काकूंचा डबा भरून बाजूला.

योजनेत तशी फट नाही. फक्त काल नवरा कालनिर्णय घेऊन बसला होता. त्यात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात. नागपूरला चंद्र मुंबईच्या बराच आधी उगवतो, असं त्याला आढळलंय. आणि कधी नव्हे ती त्याला नागपूरच्या चुलतभावाची फार आठवण यायला लागली आहे.